हात सोड! – उस्तादांच्या आठवणी

आम्हाला घोड्यावर बसायला शिकवणाऱ्या उस्तादांना जाऊन महिना झाला. वय किती होतं ते आम्हाला कुणालाच नक्की माहीत नाही. विचारलं की वरचा ओठ उचलून म्हणायचे, "दात बघ आणि सांग." घोड्याचं वय दातांवरून काढतात, तसं.

त्या दिवशी पागेत आम्ही तीसेक जण जमलो होतो. बोलता बोलता लक्षात आलं की प्रत्येकाचे उस्ताद वेगळे आहेत. कुणाचे तापट, कुणाचे मिस्कील. एकाशी तर म्हणे दीड वर्षात ते एक वाक्य बोलले नव्हते, नुसता हात दाखवायचे. हे सगळं एका जागी लिहिलेलं असावं असं वाटलं, म्हणून हा धागा.

लिहिताना दोनच गोष्टी पाळा. 'अश्वविद्येतला महामेरू' छापाचं काही नको. असलं काही कानावर पडलं की उस्ताद उठून लीद भरायला जायचे. आपल्यासमोर घडलेलं एखादं सांगा. दुसरं म्हणजे स्वतःचं नाव लिहू नका, आपल्या पहिल्या घोड्याचं लिहा. उस्तादांना माणसांची नावं कधी राहिलीच नाहीत. वीस वर्षांनी भेटलेल्यालाही "तू काजळचा ना? टाच वर जायची तुझी," असं म्हणायचे, आणि टाच अजूनही वर जातच असायची.

मीच सुरुवात करते.

पारा

मी आले तेव्हा चौदा वर्षांची होते आणि मला उड्या मारायच्या होत्या. पहिले सहा आठवडे मला खोगिराला हातसुद्धा लावू दिला नाही. खरारा करायचा, खूर साफ करायचे, ठाण झाडायचं. घोड्याजवळ जायचं ते खांद्याकडून, आणि बोलत. अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं सोडलं तर घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, "आणि नेमक्या त्या दोन जागी माणसं जाऊन उभी राहतात," असं ते म्हणायचे. एकदा वैतागून मी म्हटलं, "उस्ताद, मी रायडिंग शिकायला आलेय." "मग शीक की. पाऱ्याचा कुठला कान आत्ता तुझ्याकडे आहे?" मला सांगता आलं नाही. मी पाऱ्याच्या पोटाला खरारा करत होते, कान बघायचे असतात हे डोक्यातच नव्हतं.

खरी गोष्ट पुढची. एका दुपारी त्यांनी एक जुना लगाम आणला. कडियाळ, म्हणजे घोड्याच्या तोंडात असते ती लोखंडी दांडी, माझ्या हातात दिलं, दोन मुठींत दोन कड्या. डोळे मिटायला लावले. "आता तू घोडी." लगामाचं दुसरं टोक धरून ते माझ्या पाठीमागे उभे राहिले. मला वाटलं, आता हिसका बसणार. काहीच झालं नाही. बराच वेळ काही नाही. मग उजव्या मुठीत अगदी बारीक काहीतरी जाणवलं. ओढ म्हणावी इतकंही नाही, पलीकडे कुणी ओला स्पंज दाबतंय असं. मी उजवीकडे मान वळवली मात्र, ते गेलं. पुन्हा डावीकडे तसंच. चार-पाच वेळा झाल्यावर मी न विचारताच चालायला लागले होते, थांबत होते, वळत होते. एक शब्द न बोलता हा माणूस मला पागेच्या आवारात फिरवत होता.

मग उलट. ते घोडा, मी स्वार. मी लगाम ओढला. ते खांबासारखे उभे. मी दोन्ही हातांनी ओढला, तर ते तितकंच अंग टाकून पुढे रेलले. "ओढ अजून. माझं वजन साडेचारशे किलो आहे, तुझं चाळीस. बघू कोण जिंकतं." (खरं वजन पन्नास किलो, तेही बूट धरून.) मग म्हणाले, "तू मागितलंस ते ठीक. मी द्यायला निघालो तेव्हा तू हात सोडलाच नाहीस. मग मला कसं कळणार, की मी बरोबर केलं?"

वागणुकीच्या शास्त्रात याला निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणतात हे मला कॉलेजात कळलं. दाब आल्याने जनावर शिकत नाही, दाब ज्या क्षणी जातो त्या क्षणी ते काय करत होतं, ते शिकतं. एक सेकंद उशीर झाला की भलतंच शिकून बसतं. उस्ताद हे सगळं दोन शब्दांत ओरडायचे, आणि ते दोन शब्द इथल्या प्रत्येकाच्या कानात असतील.

मोती

हात सोड!! आहेत, आहेत. अजून स्वप्नात ऐकू येतात.

माझी आठवण एवढीशीच. मी पहिल्यांदा पडले तेव्हा धावत आले. मला वाटलं माझ्याकडे येतायत. माझ्याकडे एक नजर टाकली (हातपाय हलतायत हे बघितलं असणार), आणि थेट मोतीकडे गेले. त्याच्या चारही पायांवरून हात फिरवला, खोगिराचा पोटाखालचा तंग बघितला, रिकिबीचा पट्टा बघितला. मग मला म्हणाले, "तुला दुखतंय कुठे ते तू सांगशील." त्या वेळी भयंकर राग आला होता. आता माझ्याकडे दोन घोडे आहेत. कुणी पडलं की मीही तेच करते आणि लोक माझ्याकडे तसंच बघतात.

काजळ

टाच वर जाणारा तो मीच.

माझी गोष्ट भीतीची आहे. दुसऱ्या वर्षी काजळ एका उडत्या प्लास्टिकच्या पिशवीला बुजली आणि मी कुंपणावर पडलो. मोडलं काही नाही. पण पुढच्या आठवड्यात रिकिबीत पाय घातला आणि पुढचं जमेना. पाय वर, हात खोगिरावर, आणि मी तसाच उभा. मागे रांगेत माझ्याहून लहान पोरं.

उस्तादांनी पाय काढायला लावला. धीर वगैरे दिला नाही. "दोरी घे आणि हिला फिरवून आण." असे तीन आठवडे मी काजळला नुसता हातात धरून फिरवत होतो. रोज थोडं लांब. त्या पिशवीच्या जागेवरून. पहिल्या दिवशी तिथे आल्यावर ती थबकली, मान वर, नाकपुड्या फुललेल्या. मी दोरी घट्ट धरली. उस्ताद लांबून ओरडले, "तू कशाला घाबरतोस? पिशवी कधीच गेली!" मला त्या वेळी हसू आलं नाही. पण बघितलं तर खरंच, ती पिशवीला थांबली नव्हती. दोरीवरच्या माझ्या मुठीला थांबली होती.

चौथ्या आठवड्यात वर बसलो. लंजवर, म्हणजे लांब दोरीवर. ते मधे उभे, मी गोल. दुडकी सुरू झाली आणि माझं अंग लाकडासारखं झालं. तेव्हा म्हणाले, "एकोणतीसचा पाढा म्हण. मोठ्याने." मला वाटलं चेष्टा करतायत. "एकोणतीस एके एकोणतीस" म्हणून सुरुवात केली. चौकाच्या पुढे अडखळलो, कारण एकोणतीसचा पाढा मला शाळेतही येत नव्हता. "चुकलास, पहिल्यापासून." काजळ आपली दुडकत होती. तिसऱ्या फेऱ्यात मी साती मोजत होतो, बोटांनी नव्हे, मनात, आणि मधेच लक्षात आलं की मांड बसली आहे. पोट ढिलं आहे, गुडघे आवळलेले नाहीत. त्या क्षणी परत ताठ झालो, ते वेगळं.

नंतर एकदा त्यांनी सांगितलं, की बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडून धरता येत नाही. आणि घोड्याला तुझ्या पोटातलं आधी कळतं, माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरवणारं जनावर ते. मी विचारलं, मग गाणं का नाही म्हणायला लावलंत? "गाणं येतं तुला. येतं ते म्हणताना घाबरायला वेळ उरतो."

माझी मुलगी आता शिकते. तिला तेवीसचा दिला आहे.

तुफान

मी फोटोग्राफर. रायडिंग मला कधीच धड आलं नाही, उस्तादांनी ते पहिल्या महिन्यातच तोंडावर सांगितलं होतं. पण फोटो काढायला येऊ देत.

1878 साली मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियात धावपट्टीवर ओळीने कॅमेरे लावून भरधाव घोड्याची छायाचित्रं काढली. तोवर वाद होता, की धावताना घोड्याचे चारही पाय एका वेळी जमिनीवरून सुटतात का. सुटतात, हे तेव्हा सिद्ध झालं. गंमत अशी की चित्रकार पिढ्यान् पिढ्या पुढचे दोन पुढे नि मागचे दोन मागे ताणलेला घोडा रंगवत आले होते, आणि पाय अधांतरी असतात ते भलत्याच क्षणी, पोटाखाली गोळा झालेले असताना. हे मी मोठ्या उत्साहाने उस्तादांना सांगायला गेलो. ते खोगिराला तेल लावत होते. म्हणाले, "डोळे मिट."

मैदानात कुणीतरी कँटर, म्हणजे दुडकीच्या वरची चाल, करत होतं. "मोज." तीन टापा, मग काही नाही. तीन टापा, मग काही नाही. "ते जे काही नाही आहे ना, तेव्हा घोडा हवेत असतो. त्याला कॅमेरा कशाला लागतो?"

वर म्हणाले, "पण त्याने काढलं ते चांगलं केलं. बहिऱ्यांची सोय झाली."

नालबंद (पहिला घोडा आठवत नाही, इतके झाले)

तुफानवाल्यांनी लिहिलंय ते खरं आहे. उस्ताद कानाने घोडा तपासायचे. साधी चाल चार टापांची, दुडकी दोन टापांची, कँटर तीन. कडक जमिनीवर घोडा दुडकत न्यायला सांगायचे, माझ्याकडे तोंड आणि घोड्याकडे पाठ. दोन टापांतली एक जरा हलकी पडली की म्हणायचे, "पुढचा डावा." मग मी बघायचो. पुढचा पाय दुखत असला की तो पाय टेकताना घोडा मुंडी वर उचलतो आणि चांगल्या पायावर खाली टाकतो, ते डोळ्यांनी दिसतं. पण त्यांनी आधीच सांगितलेलं असायचं. चौतीस वर्षांत दोन-तीनदा चुकले असतील. चुकले की मला खोटं पाडायला बघायचे.

आमची भांडणं खूप झाली. मी दर सहा आठवड्यांनी यायचो. एखाद्या वेळी आठवडाभर उशीर झाला तर बोलायचे नाहीत, नुसते कॅलेंडरसमोर उभे राहायचे. एकदा मी काम छान दिसावं म्हणून खुराला वरून कानस मारून गुळगुळीत केलं. चकचकीत दिसत होतं. त्यांनी कानस हातातून काढून घेतली. "ही वरची साय आहे. ही गेली की खूर सुकतो, चिरतो. खालून काय ते कर. वरून कानस लावायची नाही." त्यानंतर आमच्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला मी हेच वाक्य त्यांच्याच आवाजात ऐकवतो. पोरांना वाटतं मीच चिडलोय.

चंद्री

पावसाळ्यात मैदान बंद असलं की उस्ताद गोष्टी सांगायचे. सगळ्यात जास्त वेळा सांगितलेली हान्सची. 1904 च्या सुमाराला बर्लिनमध्ये हा घोडा गाजला होता. मालक शिक्षक होता. बेरीज-वजाबाकी विचारली की हान्स खुराने तेवढे ठोके द्यायचा. लोक थक्क. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नीट तपासलं आणि 1907 मध्ये दाखवून दिलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सलाही येत नाही. बरोबर ठोका आला की माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि घोडा तेवढ्यावर थांबायचा.

गोष्ट इथवर आली की उस्ताद आमच्याकडे बघत बसायचे. आम्ही म्हणायचो, म्हणजे घोड्याला गणित येत नव्हतं! त्यावर ते भडकायचे. "मालकाला स्वतःला माहीत नव्हतं की आपण डोकं हलवतोय. प्रोफेसर लोकांना दिसलं नव्हतं. घोड्याला दिसलं. आणि तुम्ही म्हणता घोडा ढ?"

नवीन माणूस पागेत शिरला की ते आधी घोड्यांकडे बघत. कान कसे फिरले, कुणी मान वळवली. मग माणसाशी बोलत. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा घेऊन गेले होते तेव्हा चंद्री त्याचा खिसा हुंगत बसली. उस्ताद म्हणाले, चालेल. (खिशात गाजर होतं. मीच ठेवलं होतं.)

भुरी – पशुवैद्यक म्हणून

मी घोड्यावर बसायला आलो नव्हतो, रात्री दोनला बोलावलं म्हणून आलो. डिग्री घेऊन जेमतेम चार महिने झाले होते. फोनवर त्यांनी "घोडीच्या पोटात दुखतंय, लवकर या" असं म्हटलं नाही. ते म्हणाले: "नाडी छप्पन. रोजची चौतीस. हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग येतोय. डाव्या कुशीत आवाज आहे, उजव्या कुशीत कमी. शेवटची लीद संध्याकाळी पाचला, कोरडी. कुशीकडे वळून बघतेय, अजून लोळलेली नाही." मी गाडी चालवताना तोंडाने हे आकडे घोकत होतो. प्राध्यापकांच्या परीक्षेतही मला इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

मोठ्या घोड्याची विश्रांतीची नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44 असते, अंगाचं तापमान 37.5 ते 38.5 सेल्सिअसपर्यंत. हे पुस्तकात आहे. पण त्यांच्याकडे वही होती आणि वहीत प्रत्येक घोड्याचं आपलं पान होतं. रविवारी सकाळी, चंदी (घोड्याचा दाणा) घालायच्या आधी, ते एकेकाच्या जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजायचे आणि लिहायचे. वर्षानुवर्षं. "निरोगी कसा असतो ते लिहून ठेवलं नाही तर आजारी झालेला ओळखणार कसा?" मी त्या वर्षापासून माझ्या प्रत्येक घोडामालकाला अशी वही करायला लावतो. दहातले दोन करतात.

भुरी त्या रात्री वाचली. लीद अडकली होती. घोड्याला ओकता येत नाही, पोटात साचलेलं वर यायला वाटच नसते, त्यामुळे नाकातून जठरापर्यंत नळी घालावी लागते. आधी आत काय साचलंय ते काढून बघायचं, मग त्याच नळीने पाणी आणि तेल. माझे हात थरथरत होते. त्यांनी घोडीचं डोकं धरलं आणि माझ्याकडे न बघता तिच्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाले, "घाई नाही. गिळू दे तिला. गिळलं की सरकव." सूचना मला होती हे मला घरी गेल्यावर कळलं.

अकरा वर्षांनी पुन्हा भुरी. या वेळी सत्तावीस वर्षांची. मी पोचलो तेव्हा घामाने निथळत होती, नाडी नव्वदच्या वर, हिरड्या जांभळट. नळी घातल्याबरोबर आतलं आपोआप बाहेर यायला लागलं. आतड्याला पीळ बसल्याची सगळी लक्षणं. त्यावर शस्त्रक्रियेखेरीज उपाय नसतो, आणि त्या वयात, त्या अवस्थेत ती टेबलापर्यंत पोचली नसती. मी हे कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होतो. त्यांनी विचारलं, "दुखणं थांबेल असं काही आहे तुमच्याकडे?" मी म्हटलं, "एकच आहे." म्हणाले, "मग उशीर करू नका."

झूल काढली, घडी केली, कठड्यावर ठेवली. तिला दिसतील असे खांद्याशी उभे राहिले. मी भुलीचं दिलं, मग दुसरं. ती खाली गेल्यावर मी छातीला स्टेथोस्कोप लावून बसलो, तो वेळ नेहमीच लांब वाटतो. मी मान हलवली. त्यांनी वही मागवली, भुरीचं पान काढलं, तारीख लिहिली, वेळ लिहिली, आणि नाडीच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. मग पेनचं टोपण शोधत राहिले. ते त्यांच्या दातांतच होतं.

रेशम

सगळं वाचलं. मी लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. माझे उस्ताद तुमच्याइतके चांगले नाहीत.

मी सहा वर्षं शिकले आणि भांडून सोडलं. कारण पाणी. तापलेल्या घोड्याला पाणी पाजायचं नाही, अंगावर गार पाणी ओतायचं नाही, स्नायू आखडतात, पोट दुखतं, हे ते ठामपणे सांगत. मी वाचलं होतं की हे खरं नाही. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या आधी तिथल्या दमट उकाड्याच्या धास्तीने यावर भरपूर अभ्यास झाला, आणि तापलेल्या घोड्याच्या अंगावर गार पाणी सतत ओतणं हाच त्याला थंड करायचा चांगला मार्ग ठरला. प्यायलाही द्यावं. मी हे एका शनिवारी, भर उन्हात रेशम धापा टाकत असताना, बादली हातात घेऊन सांगितलं. उस्तादांनी सगळ्या बॅचसमोर बादली लाथेने उपडी केली आणि म्हणाले, "पुस्तकातले घोडे पुस्तकात ने." लोक हसले. इथे लिहिणाऱ्यांपैकीही एक-दोघे हसले होते, मला आठवतं.

मी गेले ती परत आले नाही. चार वर्षांनी एका मैत्रिणीला सोडायला म्हणून उन्हाळ्यात गेटपर्यंत गेले. आत उस्ताद एका लहान मुलाला शिकवत होते. हातात पाइप. घोड्याच्या मानेवर, छातीवर, पायांच्या आतल्या बाजूने गार पाणी सोडत होते. "थांबायचं नाही. ओतत राहायचं. आणि प्यायला मागितलं तर द्यायचं, कोण सांगतं देऊ नये म्हणून?" कोण सांगतं! मी गेटवर उभी होते. त्यांनी मला बघितलं. "रेशमची," म्हणाले. मी वाट बघितली. पुढे काही बोलले नाहीत. पाइप त्या मुलाकडे देऊन आत गेले.

ते बदलले, हे मोठेपण असेलही. घोड्याला हात सोडायला शिकवणाऱ्या माणसाला एकदा "चुकलो" म्हणायला काय झालं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. ते गेल्याचं कळल्यावर मी खूप रडले. रागही तसाच आहे.

पारा

रेशम, मी हसले होते. तुला हे मी त्याच वेळी सांगायला हवं होतं.

पहिला घोडा नाही. मी कुंपणाबाहेरची आई.

माझ्या मुलाचे पाय जन्मापासून अशक्त आहेत, चालायला कुबड्या लागतात. फिजिओथेरपिस्टने सुचवलं म्हणून आम्ही गेलो. घोडा साध्या चालीने चालला की वर बसलेल्याची कंबर माणूस चालताना हलते तशीच हलते, पुढे-मागे, बाजूला आणि थोडी फिरती. जो स्वतः धड चालू शकत नाही त्याच्या शरीराला ती हालचाल तिथे मिळते, असं त्यांनी समजावलं होतं.

मी तयारीने गेले होते. रिपोर्टची फाइल, काय काय जमत नाही त्याची यादी. उस्तादांनी फाइल घेतली नाही. मुलाला विचारलं, "हात चालतात?" तो हो म्हणाला. त्याच्या मांडीवर एक लगाम आणि तेलाचं फडकं ठेवलं. दोन तास माझं पोर बाकावर बसून कातडं पुसत होतं. मला वाटलं, यांना शिकवायचं नसेल. घरी येताना मुलगा म्हणाला, "आई, बकल उलटं लावलं तर घोड्याच्या गालाला टोचतं, माहितीये?" त्याला आजवर कुणी काम दिलं नव्हतं. आम्ही घरच्यांनीही.

घोड्यावर बसायला लागल्यावर एका दिवशी तो म्हणाला, माझ्या टाचा लागत नाहीत, घोड्याला कळणार कसं? त्यावर उस्तादांनी त्याला लिस हार्टेलची हकीकत सांगितली. डेन्मार्कची. पोलिओने गुडघ्याखाली पाय लुळे. घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजमध्ये (घोड्याच्या नेमक्या चाली करून दाखवायची स्पर्धा) बायकांना पहिल्यांदाच भाग घेता आला, आणि हिने रौप्य मिळवलं. 1956 मध्ये पुन्हा. "ती काय टाचांनी सांगत असेल का? बूड आहे, पाठ आहे, नजर आहे." आठ वर्षांच्या मुलासमोर बूड म्हणाले म्हणून मुलगा आठवडाभर हसत होता.

तो आता एकोणीस वर्षांचा आहे. घोड्यावर फार बसत नाही, वेळ नसतो. पागेतली सगळी चामडी मात्र अजून तोच बघतो.

मोतद्दार (मुलगी टाइप करतेय, बाबा सांगतायत)

एक्केचाळीस वर्षं मी उस्तादांबरोबर होतो. लोक फोन करून विचारतात, सरदार कसा आहे, त्याला कळलं का, जेवतो का, रडतो का. म्हणून सांगतो. घोडा रडत नाही. रोज सकाळी साडेपाचला दाराकडे बघतो, ते खरं. पण साडेपाचला चंदी येते.

त्या आठवड्यात सरदारने पाच दिवस खाल्लं नाही, हेही खरं. सगळ्यांनी दुःखाचं म्हटलं. मी वही काढली, ताप बघितला, एकोणचाळीस पॉइंट चार. डॉक्टरांना बोलावलं. दाढेखाली पू झाला होता. औषध दिलं, बरा झाला. उस्ताद असते तर दुःख दुःख म्हणणाऱ्यांना त्यांनी हाकललं असतं. तोंड उघडून बघा म्हणाले असते.

रविवारी नाड्या मी मोजतो. अक्षर माझं वाईट आहे, म्हणून आकडे सांगतो आणि ही मुलगी लिहिते. वहीत खाली जागा आहे अजून पुष्कळ.

परवा सरदारचे खूर साफ करत होतो. वरच्या काठाशी, केस संपून खूर सुरू होतो तिथून अर्ध्या बोटावर, एक रेघ दिसली. आडवी, चारही खुरांना. हाताला लागते. ताप आला, खाणं सुटलं, की तेव्हा उगवलेल्या खुरावर अशी रेघ उमटते. खूर महिन्याला आठेक मिलिमीटर वाढतो, रेघ खाली खाली सरकते. पुढच्या खुराची टोकाशी पोचायला दहा-अकरा महिने लागतील. मग नालबंद कापून टाकेल.

मुलगी विचारतेय, एवढी दिसते तर आत्ताच घासून काढता येत नाही का.

वरून कानस लावायची नाही.